फ्लॅटमधला गिटार अ‍ॅम्प: वॅट, भिंती आणि मॉडेलिंग

माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या मुलांचे आईबाबा कधी ना कधी विचारतातच, "ताई, हा आता इलेक्ट्रिक घ्यायची म्हणतोय, तर अ‍ॅम्प कुठला घेऊ? ट्यूबचाच चांगला असतो ना?" यूट्यूबवर कोणीतरी ठासून सांगितलेलं असतं की खरा टोन फक्त ट्यूबचा, डिजिटल म्हणजे नुसती नक्कल. मग मी उलट विचारते, तुमच्या घराच्या किती भिंती शेजाऱ्यांच्याही आहेत? कर्वेनगर असो, कोथरूड असो की सिंहगड रोड, टू बीएचके म्हटलं की एखाद-दोन भिंती कॉमन, वरचा स्लॅब कोणाची तरी फरशी आणि आपली फरशी कोणाचं तरी छत, आणि अ‍ॅम्पचा निर्णय तिथूनच सुरू होतो, टोन वगैरे त्याच्यानंतर.

मी स्वतः बॉसचा कटाना ५० मार्क टू वापरते, घरी शिकवायलाही तोच आणि बँडच्या प्रॅक्टिसलाही तोच. त्याच्यावर लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं कारण या अ‍ॅम्पबद्दल लोक जे बोलतात ते सगळं "इतके इफेक्ट, इतके प्रीसेट (साठवून ठेवलेल्या सेटिंग)" असं असतं आणि मला वाटतं महत्त्वाची गोष्ट त्यात सांगायचीच राहून जाते. कटाना हा मॉडेलिंग अ‍ॅम्प, म्हणजे ट्यूब अ‍ॅम्पचा आवाज डिजिटल गणिताने बनवणारा, आणि अशा अ‍ॅम्पने गिटारच्या बाबतीत पन्नासेक वर्षांची एक गाठ सोडवली. फाटलेला आवाज आणि मोठा आवाज, या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या होत्या, त्या सुट्या झाल्या.

म्हणजे काय ते नीट सांगते. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असतात, आपल्या आजोबांच्या रेडिओत असायचे तसेच. आधी सिग्नल वाढवणारे छोटे प्रीअ‍ॅम्पचे, मग स्पीकर हलवणारे मोठे पॉवरचे, ईएल ८४, ईएल ३४, सिक्स एल सिक्स अशा नावांचे. गिटारचा सिग्नल जोरात ढकलला की व्हॉल्व्हला तो पूर्ण झेपत नाही, लाटेचे शेंडे गोल दाबले जातात, आणि त्यातून ते हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या वरचे जास्तीचे सूर, तयार होतात ज्यांना आपण क्रंच, ओव्हरड्राइव्ह म्हणतो. प्रीअ‍ॅम्प फाडणं सोपं आहे, गेन, म्हणजे आत शिरणाऱ्या सिग्नलचा जोर, वाढवला की झालं. पण जो जाड, दाबला जाणारा, बोटांखाली रबरासारखा ताणला जाणारा आवाज जुन्या रॉक रेकॉर्ड्सवर ऐकू येतो त्याच्यात पॉवरचे व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, पॉवर सप्लाय आणि स्पीकर असे सगळेच दमलेले असतात. आणि त्यांना दमवायचं तर अ‍ॅम्प उघडावा लागतो, म्हणजे व्हॉल्यूम वर न्यावा लागतो, भरपूर.

आता आकडे बघा. १२ इंची गिटार स्पीकर साधारण ९७ ते १०० डीबीचा (डेसिबलचा) असतो, म्हणजे त्याला फक्त १ वॅट दिला की १ मीटरवर एवढा आवाज होतो. १५ वॅटचा अ‍ॅम्प, ज्याला सगळे "घरगुती छोटा ट्यूब अ‍ॅम्प" म्हणतात, तो फुटायला लागेपर्यंत उघडला तर ११० डीबीच्या आसपास जातो. तेही दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, त्यात निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. आणि फक्त शेजाऱ्यांचा प्रश्न नाही, आपलेही कान आहेत. ८५ डीबीला आठ तास, आणि मग दर ३ डीबीला वेळ निम्मा, असा हिशोब कामगारांच्या कानांसाठी धरतात, त्या हिशोबाने १०० डीबीला पाव तास मिळतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला मी असा अ‍ॅम्प घ्यायला सांगणार नाही म्हणजे नाहीच.

मग लोक म्हणतात कमी वॅटचा घ्या. त्याने वाटतं तेवढा फरक पडत नाही कारण कान सरळ रेषेत ऐकत नाही. वॅट दहापट कमी केले की १० डीबी कमी होतात आणि कानाला ते साधारण निम्मं वाटतं. म्हणजे ५० वॅट आणि ५ वॅट यांच्यातला फरक "दुप्पट-निम्मा" एवढाच. माझ्या कटानाच्या पॅनेलवर एक पॉवरचं बटण आहे, ०.५, २५ आणि ५० वॅट असं, तर ५० वरून ०.५ वर आणलं की २० डीबी उतरतात, कानाला पाव आवाज. फार उपयोगी बटण आहे पण तरी लक्षात ठेवा की अर्धा वॅट पूर्ण उघडला तर तोही घर दणाणून सोडतो.

मॉडेलिंगमध्ये हे सगळं गणिताने होतं. सिग्नल आत शिरला की सेकंदाला ४४ हजार १०० किंवा ४८ हजार वेळा मोजला जातो, त्याचे आकडे होतात, आणि मग त्या आकड्यांवर एकेक पायरी चालते, व्हॉल्व्ह कुठे दबायला लागतो, जोरात कॉर्ड मारल्यावर पॉवर सप्लाय क्षणभर कसा खचतो आणि परत कसा वर येतो, बास-मिडल-ट्रेबलचे नॉब एकमेकांना कसे ओढतात. शेवटी स्पीकर. स्पीकरचं महत्त्व लोकांना कळत नाही, गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर सोडतच नाही, म्हणूनच आवाज फाडणारं डिस्टॉर्शन पेडल सरळ साउंडच्या मिक्सरला लावलं की कानात चरचरतं. त्यासाठी खऱ्या कॅबिनेटचा क्षणभराचा प्रतिसाद माइकने रेकॉर्ड करून ठेवतात, त्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात, आयआर. हल्ली अजून एक रस्ता आलाय, खऱ्या अ‍ॅम्पमधून ठरावीक सिग्नल पाठवायचा, बाहेर काय येतं ते रेकॉर्ड करायचं आणि न्यूरल नेटवर्कला शिकवायचं की आत हे गेलं तर बाहेर हे यायला हवं. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर नावाचं सॉफ्टवेअर तर ओपन सोर्स आहे, फुकट, इंजिनिअरिंगच्या मुलांनी जरूर खेळून बघावं.

जुन्या डिजिटल अ‍ॅम्पना नावं ठेवणारे अगदीच चुकीचे नव्हते हेही सांगायला हवं. आवाज फाडला की खूप वरच्या फ्रिक्वेन्सी तयार होतात, आणि त्या मोजणीच्या वेगाच्या निम्म्याच्या वर गेल्या की उलटून खाली येतात, आणि सुराशी काही संबंध नसलेल्या जागी बसतात. वरच्या फ्रेटवर बेंड घेताना, म्हणजे तार ओढून सूर चढवताना, खालून काहीतरी विचित्र शिट्टीसारखं सरकायचं ते हेच. आता प्रोसेसर ताकदवान झालेत, आतल्या आत कित्येक पट वेगाने मोजून मग गाळून खाली आणतात, त्यामुळे तो प्रकार जवळजवळ गेला. १९९५ चं रोलंडचं व्हीजी-८, १९९६ चा लाइन सिक्सचा अ‍ॅक्सिस २१२, मग १९९८ ला त्यांचाच तो राजम्याच्या दाण्यासारखा लालबुंद पॉड, २००६ ला अ‍ॅक्स-एफएक्स, २०११ च्या सुमाराला केम्पर, अशा एकेका डिजिटल यंत्रातून मॉडेलिंगची ही गोष्ट इथवर आलीय. आणि २०१९ मध्ये खुद्द फेंडरने टोन मास्टर काढला, म्हणजे स्वतःच्याच ट्विन रिव्हर्ब या ट्यूब अ‍ॅम्पचं डिजिटल रूप. ट्यूबवाला ट्विन साधारण २९ किलोचा, हा साधारण १५. लिफ्ट बंद असलेल्या बिल्डिंगमध्ये ज्याने अ‍ॅम्प चढवलाय त्याला या आकड्याची किंमत कळेल.

नक्कल या शब्दाबद्दल मला अजून एक म्हणायचंय. जिम मार्शलच्या लंडनमधल्या ड्रमच्या दुकानात १९६२ साली जो पहिला मार्शल बनला, जेटीएम ४५, त्याचं सर्किट फेंडरच्या बासमन या अ‍ॅम्पवरूनच घेतलेलं होतं. तिकडे मिळणारे पार्ट वापरले, स्पीकर वेगळे लावले, आणि त्यातून एक नवाच आवाज जन्माला आला ज्याला आज आपण "ओरिजिनल" म्हणतो. तेव्हा नक्कल आहे का हा प्रश्न मला फारसा पटत नाही. हातात धरल्यावर उत्तर देतो का, एवढं बघावं. माझी कसोटी सोपी आहे, क्रंचवर ठेवायचं, गिटारचा व्हॉल्यूम नॉब दहावरून चारवर आणायचा, आवाज स्वच्छ व्हायला हवा, आणि परत वर नेला की परत गुरगुरायला हवा. कटाना हे नीट करतो. मुलांना मी पहिल्या महिन्यात हेच शिकवते, अ‍ॅम्पकडे पळू नकोस, करंगळीने नॉब फिरव.

त्याच्यात अ‍ॅकूस्टिक, क्लीन, क्रंच, लीड आणि ब्राउन असे पाच प्रकार आहेत, प्रत्येकाला व्हेरिएशनचं बटण, म्हणजे दहा. लॅपटॉपला यूएसबी लावून टोन स्टुडिओ हे बॉसचं सॉफ्टवेअर उघडलं की आत अजून कितीतरी खोल जाता येतं. मी चार मेमरीत चारच आवाज ठेवलेत आणि ते बदलत नाही, एक एकदम स्वच्छ थोड्या रिव्हर्बचा (घुमाराचा), एक काठावरचा जो हलक्या हाताला स्वच्छ आणि जोरात मारलं की फाटतो, एक ऱ्हिदमचा, एक सोलोसाठी मिडल वर आणि थोडा डिले, म्हणजे प्रतिध्वनी. ज्याच्यात नॉब नाहीत, सगळं फोनवरच्या अ‍ॅपवर अवलंबून आहे असा अ‍ॅम्प मला मुलांसाठी आवडत नाही, प्रॅक्टिसला बसायचं आणि हातात फोन घ्यायचा म्हणजे पुढची वीस मिनिटं गेलीच. नॉब फिरवला की काय होतं हे कानाने कळायला हवं, ते एकदा कळलं की मग अ‍ॅप खुशाल वापरा.

आता भिंतींकडे परत येते. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, त्यांनी एकदा जिन्यात थांबवून सांगितलं, "अगं, तुझी गिटार ऐकू येत नाही मला, पण संध्याकाळी काहीतरी घुमतं बघ, छातीत येतं." अगदी बरोबर निदान होतं ते. वरच्या फ्रिक्वेन्सी भिंतीत अडतात, बास अडत नाही, आणि अ‍ॅम्प थेट फरशीवर असला तर कॅबिनेटची थरथर सरळ स्लॅबमध्ये उतरते. अ‍ॅम्प लाकडी स्टुलावर ठेवला, खाली जुनी गोधडी चौघडी करून घातली, भिंतीपासून आणि विशेषतः कोपऱ्यातून पुढे ओढला, कारण कोपऱ्यात बास आपोआप फुगतो, आणि बासचा नॉब थोडा मागे घेतला. आजोबा परत भेटले तेव्हा म्हणाले, "थांबवलंस की काय वाजवायचं?" मग त्यांना घरी बोलावून अ‍ॅम्प दाखवला, तर ते व्हॉल्व्हच्या रेडिओबद्दल इतकं बोलले, तो गरम व्हायला कसा वेळ लागायचा, आतला तो केशरी उजेड, की चहा दोनदा झाला. स्टुलावर ठेवण्याचा अजून एक फायदा, स्पीकर गुडघ्याच्या ऐवजी कानाच्या जवळ येतो, त्यामुळे कमी आवाजातही वरचे तपशील ऐकू येतात आणि ट्रेबल उगाच वाढवला जात नाही.

रात्री नऊ-साडेनऊनंतर हेडफोन. वायरवाले. ब्लूटूथचे हेडफोन गिटार वाजवायला लावू नका, त्यात सहज शंभर-दोनशे मिलिसेकंद जातात, तार आत्ता छेडली आणि सूर नंतर आला असं होतं आणि मुलांचा ताल अशाने खरंच बिघडतो. मॉडेलिंगच्या स्वतःच्या उशिराची मात्र चिंता नको. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, तेव्हा अ‍ॅम्पने दोन-तीन मिलिसेकंद घेतले तर आपण स्पीकरपासून मीटरभर लांब उभे आहोत एवढाच तो फरक. गणपतीच्या आधी नदीपात्रातून ढोल-ताशाच्या सरावाचा आवाज यायला लागतो तेव्हा तर संध्याकाळचा अख्खा क्लासच हेडफोनवर जातो, एक स्प्लिटर, दोन हेडफोन, मी आणि विद्यार्थी, आणि बाहेर पथक. ताशाचा तो सराव मला मनापासून आवडतो पण त्याच्यात पेंटॅटॉनिक, म्हणजे पाच सुरांची सरगम, शिकवता येत नाही.

आवाज आणि फाटणं सुटं झालं की एक नवीन अडचण येते आणि ती फार कमी लोक सांगतात. घरी हळू आवाजात झक्कास लागणारा प्रीसेट स्टेजवर बिघडतो. याचं कारण अ‍ॅम्पमध्ये नाही, आपल्या कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये बेल लॅब्जमध्ये हे मोजून दाखवलं, हळू आवाजात आपल्या कानाला बास आणि अगदी वरचा भाग कमी ऐकू येतो, मधला भाग जास्त. म्हणून घरी आपण आपोआप बास वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मिडल खाली नेतो, छान लागतं. तेच स्टेजवर मोठ्या आवाजात वाजवलं की कान बास-ट्रेबल पूर्ण ऐकायला लागतो, खालून ढम ढम, वरून टोचणारं, आणि मधे जिथे गिटारने बसायचं तिथे पोकळी, तिथे गायक आणि कीबोर्ड बसलेले. माझा एक विद्यार्थी फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेच्या टीममध्ये होता, तिथे एकाच नाटकात संगीत, नाच, चित्र सगळंच चालू असतं, गिटारवाल्याला आपला आवाज शोधायला वेळच नसतो, तर आम्ही आधी एका रविवारी प्रॅक्टिस रूम घेऊन त्याचे सगळे आवाज मोठ्या आवाजात परत बांधले. बास खाली, गेन घरच्यापेक्षा कमी, मिडल वर, रिव्हर्ब जवळजवळ अर्धा कारण हॉलचा स्वतःचा घुमार असतोच. साउंडवाल्या दादांना अ‍ॅम्पच्या मागच्या रेकॉर्डिंग आउटमधून सरळ लाइन दिली, कॅबिनेटचं गणित त्यातच झालेलं असतं, वेगळा माइक नको, शेजारचा ढोलक त्या माइकमध्ये शिरण्याचा प्रश्न नको. नाटक संपल्यावर दादा म्हणाले गिटारला हातच लावावा लागला नाही. तेव्हा सांगायचं हे की घरचे आवाज वेगळे आणि स्टेजचे वेगळे सेव्ह करा, स्टेजचे मोठ्या आवाजातच बनवा.

न्यायला-आणायला म्हणाल तर कटाना ५० साधारण साडेअकरा किलोचा, अ‍ॅक्टिव्हावर पायाशी आडवा बरोबर बसतो, पाठीवर गिटार. नळ स्टॉपच्या गर्दीत पाय टेकायला जागा राहते. पावसाळ्यात मात्र रिक्षा.

घरघरीबद्दल थोडं. सिंगल कॉइलची, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपची गिटार असेल तर ५० हर्ट्झची गुणगुण येतेच, तारांचा आवाज पकडणारा पिकअप म्हणजे तारेचं वेटोळंच, ते घरातल्या सगळ्या विजेचं ऐकतं. पंख्याचा रेग्युलेटर, स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर, लॅपटॉपचा चार्जर, एकेक बंद करून बघा, गुन्हेगार सापडतो. खुर्ची नव्वद अंशात वळवून बसलं तरी फरक पडतो. अ‍ॅम्पमधला नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारी सोय, हा शेवटचा उपाय, तो जास्त लावला की लांब सुराची शेपटी कापली जाते. पण पेठांमधल्या जुन्या वाड्यांत, जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंगच नसतं किंवा तुटलेलं असतं, आणि लोक तीन पिनची जाड पिन काढून टाकून टू-पिनमध्ये घुसवतात. हे अजिबात करू नका. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात, म्हणजे आपला हात पण. तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्या तर तिथल्या तिथे बंद करा आणि वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या, कितीही खर्च येवो.

आणि जे हळू आवाजात मॉडेलिंगलाही देता येत नाही तेही सांगते. मोठ्या आवाजात अ‍ॅम्पसमोर उभं राहिलं की स्पीकरची हवा येऊन तारांना परत हलवते, सूर मरतच नाही, एक पाऊल पुढे गेलं की तो वरच्या हार्मोनिकवर उडी मारतो, गिटार आणि अ‍ॅम्प मिळून एकच वाद्य होतं. हे हवेचं काम आहे, गणिताचं नाही, कमी आवाजात ते होऊच शकत नाही, अ‍ॅम्प ट्यूबचा असो की डिजिटल. हेच सुख लोक ट्यूबच्या नावावर जमा करतात असं माझं ठाम मत आहे, कारण ट्यूब अ‍ॅम्प त्यांनी कायम मोठाच ऐकलेला असतो आणि डिजिटल कायम बेडरूममध्ये. कटाना ५० वॅटवर टाकून प्रॅक्टिस रूममध्ये उघडला तर तोही हे देतो, मुलं पहिल्यांदा तो सूर धरून ठेवतात तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. म्हणून महिन्यातून एकदा तरी मी त्यांना रूमवर नेतेच, कानात प्लग घालून.

तर आईबाबांना माझं सांगणं असं असतं. फक्त घरीच वाजवणार असेल तर छोटे टेबलावरचे मॉडेलिंग अ‍ॅम्प उत्तम आहेत, यामाहाचा टीएचआर वगैरे, ते हळू आवाजात भरीव लागावेत म्हणूनच बनवलेत. पुढे ड्रमरबरोबर वाजवायची जराशी जरी शक्यता असेल तर १२ इंची स्पीकर आणि ५० वॅटच्या आसपास घ्या, ड्रमच्या समोर छोटा स्पीकर ऐकूच येत नाही. जुना मिळाला तरी चालेल, फक्त बघायला जाताना स्वतःची गिटार, स्वतःची केबल आणि वायरवाला हेडफोन न्या, प्रत्येक नॉब फिरवून खरखर ऐका, हेडफोन लावून बघा, यूएसबीला लॅपटॉप जोडून तो ओळखला जातो का ते बघा, आणि एकदा फॅक्टरी रीसेट करायला लावा म्हणजे आधीच्या माणसाच्या सेटिंगचा नाही, अ‍ॅम्पचा आवाज ऐकून पैसे द्याल. मुलगा-मुलगी बरोबर हवीच, आणि शोरूममध्ये बसवतात तसं मोठ्याने वाजवून नको, घरी जेवढ्या आवाजात वाजवणार तेवढ्यावर ठेवून दहा मिनिटं वाजवू दे.